मशीनचं बूड, पोरीचं वय

कुणाच्याही घरी मशीन दुरुस्तीला गेलो की मी आधी पाणी मागत नाही की तक्रार विचारत नाही. सरळ मशीनच्या पाठीमागं शिरतो, बॅटरी मारून तिथली पाटी वाचतो आणि धूळ झटकत पुढं येऊन सांगतो, "वहिनी, ही मशीन अमक्या सालच्या उन्हाळ्यात कारखान्यातून निघालेली हाये. बराबर?" वहिनी आधी माझ्याकडं बघतात, मग मशीनकडं, मग आत हाक मारतात, "अहो, इकडं या जरा, हे मिस्त्री काय सांगून राहिले बघा!" एवढं झालं की माझा दिवस चांगला जातो. दुरुस्ती काय, कुणीही करतं हो. पण हिंगोलीत मशीनचं वय सांगणारा माणूस एकच, खिल्लारे मिस्त्री, हा रुबाब मी कधी लपवला नाही. बायको म्हणते, "मशीनचं वय सांगता, माझा वाढदिवस तेवढा ध्यानात राहत न्हाई." मी म्हणतो, "तुला पाठीमागं पाटी कुठंय?" मग त्या दिवशी भाजीला मीठ नसतं.

यात जादू काही नाही. प्रत्येक मशीनच्या पाठीवर दोन नंबर असतात. एक मॉडेलचा. तो मशीनची जात सांगतो: किती किलोची, सेमी की फुल्ली ऑटोमॅटिक, कोणत्या बनावटीची. दुसरा सिरियल नंबर. त्यात तिचा जन्म दडलेला असतो. कंपनी कंपनीची तऱ्हा वेगळी. कुणी पहिल्या दोन आकड्यांत साल लिहितं आणि पुढच्या दोनांत महिना. कुणी सालाचा नुसता शेवटचा आकडा लिहून मोकळं होतं. म्हणजे तिथं सात असेल तर मशीन सत्त्याण्णवची असू शकते, दोन हजार सातची असू शकते, सतराचीही असू शकते. कुणी आकड्याच्या जागी इंग्रजी अक्षर घालतं आणि अक्षरं संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. तिथं मग पाटीवर विसंबून भागत नाही, मशीनच्या अंगाकडं बघावं लागतं. पाटी पत्र्याची आणि ठोकून बसवलेली असली तर बाई वयस्कर, कागदी आणि चिकटवलेली असली तर अलीकडची. मोटारीवर वेगळा शिक्का असतो, टायमरवर वेगळा. सगळ्यांची साक्ष काढायची आणि मग तोंड उघडायचं.

लोकांच्या सांगण्यावर मात्र कधी जायचं नाही. हिंगोलीतली प्रत्येक मशीन 'आत्ताच तर घेतली' असते. एका हळदीच्या अडत्याकडं गेलो होतो. त्यांची मंडळी म्हणाली, "मिस्त्री, नवीकोरी मशीन हाये, चार-पाच वर्षं झाली असतील नसतील, अन् लगेच बंद पडली." मी पाटी वाचून तोंड उघडणार होतो. तेवढ्यात आतून सासूबाई बोलल्या, "आणली तवा आपला बाळू बालवाडीत जात व्हता." बाळू तिथंच दारात उभा होता, मिशीला पीळ देत. मी पुढची सगळी दुरुस्ती खाली मान घालून केली, कारण वर पाहिलं असतं तर मला हसू आवरलं नसतं.

ड्रायर म्हटलं की आपल्याकडं लोक सेमी मशीनचा दुसरा डबा समजतात, कपडे गरगर फिरवून पिळणारा. गरम हवेनं कपडे वाळवणारा खरा ड्रायर मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. एका निवृत्त प्राध्यापकांच्या जावयानं अमेरिकेतून सामानासोबत पाठवलेला. तिकडची वीज वेगळी, आपली वेगळी, त्यामुळं तो इथं कधी चाललाच नाही. सरांनी मला चालू करायला नव्हे, वय सांगायला बोलावलं. पिकल्या केळ्याचा रंग, जाड पत्रा, बटणं मुठीएवढी. नंबरातलं अक्षर दोन वेगवेगळ्या सालांना लागू पडत होतं, पण अंगावरून शंका उरली नाही. मी सांगितलं तसा सरांचा चेहरा पडला. "म्हणजे जावयानं भंगार पाठवलं म्हणा की!" आता आली का पंचाईत. मी म्हटलं, "सर, एवढं जड धूड सातासमुद्रापार धाडायला माया लागते." आतून बाई म्हणाल्या, "भंगार काहून? माझे पापड, कुरडया सगळं त्यातच राहतं. उंदीर शिरत न्हाई." हिंगोलीच्या उन्हात ड्रायरचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचला नसता.

आमच्या धंद्याचा खरा हंगाम म्हणजे दसऱ्याच्या आधीचा पंधरवडा. आमच्या मराठवाड्यात घट बसायच्या आधी दसरा काढतात, म्हणजे घरातलं चिंधूक न् चिंधूक धुऊन काढतात. पूर्वी सगळा गाव नदीला लोटायचा. आता लोक तीच वाकळ, तीच पाच लुगड्यांची गोधडी मशीनमध्ये कोंबतात. कोरडी असताना कशीबशी मावते, भिजली की रेड्याएवढी जड होते आणि मोटार जळते. मग फोन सुरू. "मिस्त्री, काल चांगली चालू होती हो." मी विचारतो, "गोधडी टाकली?" तिकडून हळूच, "लहानच होती..."

आणि मोटार वाचली तरी दसऱ्याला पाटीचं मरण ठरलेलं. दसऱ्याला मशीनची पूजा करतात, फार चांगली गोष्ट. पण कुंकू कुठं लावावं? बायामाणसांना वाटतं, नाव लिहिलंय तिथं लावावं. म्हणजे पाटीला. तेलात कालवलेलं कुंकू, वर हळद, वर पुढच्या दसऱ्याला तारेच्या घासणीनं घासून पाटी लख्ख, आणि पुन्हा तेलकुंकू. काही वर्षांत पाटी अशी कोरी होते की तिच्यात तोंड बघावं. श्रद्धेनं एवढे नंबर पुसले गेलेत की बोलायची सोय नाही. मी आंबेडकरी घरातला माणूस, आमच्या घरी मशीनला कुंकू नाही, पण लोकांना मी काय सांगणार? एकदा एका मावशीला म्हटलं, "मावशी, झाकणाला लावा ना कुंकू." त्या म्हणाल्या, "कपाळ सोडून कुणी कुंकू लावतं का?"

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मागच्या साली अशाच एका पुसलेल्या पाटीनं माझी परीक्षा पाहिली. आजवर मशीनचं वय चुकलं तर माझा रुबाब गेला असता, बाकी काही नाही. या खेपेला तसं नव्हतं.

कनेरगाव नाक्याला बन्सीभाऊ राठोडचा ढाबा आहे. बन्सी तांड्यावरचा, उंचापुरा, आवाज असा की ट्रक थांबावा. त्याच्याकडं एक जुनी सेमी मशीन आहे आणि तिनं जन्मात एक रुमाल धुतलेला नाही. ती लस्सी घुसळते. पंजाबच्या कुण्या ट्रकवाल्यानं त्याला ही अक्कल दिली आणि यानं नवी मशीन आणून त्यात दही ओतलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोक्याला हात लावला होता. नंतर मीच ती अनेकदा नीट केली, कारण लस्सी खरंच झकास होते.

घट बसायच्या आधी बन्सीच्या पोरीचा, अंजलीचा फोन आला. "मामा, मशीन बंद पडली. लवकर या." गेलो. पाठीमागं शिरून पाहतो तर प्लगमधली वायर कुणीतरी मुद्दाम ओढून मोकळी केलेली. मी वर पाहिलं. अंजली बाजूला उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. बापासारखीच उंच पोरगी.

"हे काय गं?" मी म्हटलं.

"मीच काढली, मामा. तुमी मशीनचं वय सांगता ना? हिचं सांगा. बापूसमोर सांगा."

"काहून?"

तिनं एका दमात सांगून टाकलं. बारावी झाली होती. तिला नर्सिंगला जायचं होतं, यादीत नावही लागलं होतं. पण वाशिमकडचं स्थळ आलं, माणसं चांगली, घरी ट्रॅक्टर, आणि रविवारी साखरपुडा. दाखल्यावर तिला जूनमध्ये अठरा पुरी झाली होती. "पण मामा, मी अठराची न्हाईच. याडी म्हणती, ज्या दिवशी मशीन आली त्याच दिवशी मी झाले. दाखला खोटा हाये."

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. बन्सीच्या म्हाताऱ्या आईला सगळा नाका याडीच म्हणतो. ती मागं बाजेवर बसून लसूण सोलत होती. म्हणाली, "खोटा न्हाई तर काय. शाळेत घालायला मीच घेऊन गेलते हिला, हिच्या चुलतभावासंग. जन्माची नोंद कुठं व्हती? गुरुजी म्हणले, हात डोक्यावरून न्हेऊन पलीकडचा कान धर. धरला की सहा वर्षाची. हिचे हात हे असे लांब! पटकन धरला. गुरुजींनी एक जून टाकली अन् झाली सहाची. दुधाचे दात बी पडले नव्हते लेकराचे."

वाचणाऱ्यांपैकी कित्येकांचा वाढदिवस याच हिशोबानं एक जूनला येत असेल. माझाही येतो. आम्ही हसतो आणि सोडून देतो. इथं सोडून देऊन चालणार नव्हतं.

एवढ्यात बन्सी गल्ल्यावरून उठून आला. "काय झालं मशीनला, मिस्त्री?"

"मशीनला काही न्हाई," मी म्हटलं. "तुमची पोरगी तिचं वय विचारून राहिली."

त्याच्या लगेच ध्यानात आलं. आवाज चढला. "अंजे, पुन्हा तेच? मिस्त्री, तुमीच सांगा. माझी थोरली बहीण. लहानपणी लग्न लावलं, पहिल्याच बाळंतपणात गेली. मी तवाच तांड्यासमोर बोललो व्हतो, माझ्या पोरीला अठरा पुरी झाल्याबिगर हळद लागणार न्हाई. लोक हसले. मी ऐकलं का कुणाचं? अठरा पुरी केली का न्हाई? आता अजून काय करू?"

बापाचं खोटं काहीच नव्हतं. तो दाखल्यावर विश्वास ठेवून चालला होता.

"बापू, मशीन माझ्यासंगच आली ना?" अंजली म्हणाली. "मिस्त्रीमामाला मशीनचं साल काढू द्या. मशीन आली त्याच्या आधी मी कशी जन्मणार?"

"मशीन सहाची हाये," बन्सी म्हणाला. "दोन हजार सहा."

"कशावरून?" मी विचारलं.

"पोरगी सहाची हाये ना! दाखल्यावर हाये."

यावर दोन ट्रकवाले जेवण सोडून हसायला लागले. बन्सीनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते पुन्हा वरणाकडं वळले. पण मला तेव्हा हसू आलं नाही. मशीनच्या मागं जाऊन पाटी पाहिली. कोरी. बन्सीच्या घरी मशीन म्हणजे लक्ष्मी, दर दसऱ्याला तेलकुंकू, घासणी, सगळं रीतसर झालेलं. बॅटरी तिरपी धरून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. एक रेघ उरली नव्हती.

"मोटारीवर असतो ना शिक्का?" अंजलीनं विचारलं. पोरगी हुशार.

"मोटार मीच बदलली, बाई. टायमर बी बदलला. झाकण तर तुझ्या बापानं ट्रकखाली घातलं व्हतं."

तिचा चेहरा उतरला. आजवर लोकांसमोर मिरवायला केलेली करामत, आणि आज एका पोरीचं सगळं तिच्यावर टांगलेलं. तिथंच मला बुडाची आठवण झाली.

प्लास्टिकची कोणतीही मोठी वस्तू साच्यात ओततात तेव्हा साच्यातच एक छोटं घड्याळ कोरलेलं असतं. रुपयाएवढा गोल, कडेनं एक ते बारा म्हणजे महिने, मधे सालाचे दोन आकडे आणि एक बाण. प्लास्टिक ज्या महिन्यात ओतलं त्याच्याकडं बाण. आणि मशीनचं बूड, म्हणजे ज्यावर सगळं उभं असतं तो खालचा तळ, आम्ही कधी बदलत नाही. तो बदलायचा तर नवीच मशीन घ्यावी. मशीन तिच्या बुडाहून जुनी असू शकत नाही, एवढं कुणालाही पटावं.

हे मी बन्सीला समजावून सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "उलटी करा."

उलटी करणं म्हणजे काय तमाशा असतो ते सांगतो. आतली उरलीसुरली लस्सी आधी उपसली, तरी झुकवल्यावर नळीतून भसकन ताक निघालं आणि बन्सीच्या धोतरावर. ट्रकवाले आता उघड उघड उठून आले होते. एक म्हणाला, "धीरे, उस्ताद, मक्खन निकलेगा!" मशीन पालथी पडली. खाली वर्षानुवर्षांचं लोणी आणि धूळ मिळून काळा थर बसलेला. अंजलीनं कढत पाणी आणलं, मी फडक्यानं पुसायला लागलो.

पुसता पुसता माझ्या डोक्यात एकच होतं. खाली शून्य-पाच निघालं तर? तर मला तेच सांगावं लागणार होतं. खोटं साल मी आजवर कुणाला सांगितलं नाही, प्राध्यापकांच्या जावयासाठीही नाही. ही पोरगी माझ्या हाताकडं टक लावून बघत होती.

गोल दिसला. बाण दिसला, दहावर. मधले आकडे भरलेले होते. मी नखानं कोरले.

"शून्य. सात," मी वाचलं. "दोन हजार सात. दहावा महिना. हे बूडच दिवाळीच्या सुमाराला ओतलंय. पुढं मशीन जोडली, दुकानात आली, मग तुमच्याकडं. त्याच्या आधी ही मशीन जगात नव्हती, बन्सीभाऊ."

बन्सी गुडघ्यावर बसला. माझी बॅटरी घेऊन त्यानं स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं. "मशीन उशिरा आली असंल," तो हळू म्हणाला, "पोरगी आधी झाली असंल."

याडीनं लसूण खाली ठेवला. "व्हय रं? अन् टेम्पो दारात आला तवा तू काय करून राहिला व्हता?"

ही गोष्ट नाक्यावर जेवलेल्या प्रत्येकानं ऐकलेली होती, बन्सीच्याच तोंडून. मीही ऐकली होती, लस्सीच्या प्रत्येक ग्लासासोबत. बन्सी सांगायचा, टेम्पोतून मशीन उतरवत होतो, एक बाजू माझ्या हातात, एक ड्रायव्हरच्या, अन् आतून लेकराचा आवाज आला, तशी मशीन अंगणात टाकून पळालो. म्हणून तर एका कोपऱ्याला चीर आहे. ती चीर तो सगळ्यांना दाखवायचा, कौतुकानं. आत्ता ती चीर त्याच्या नाकासमोर होती.

"थंडी व्हती," याडी म्हणाली. "तुरी निघाल्या व्हत्या. ह्या घड्याळाच्या मागनं आलेली थंडी."

बन्सी बोटं मोजायला लागला. मधेच थांबला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी मोजून दिलं असतं, पण दिलं नाही. बापानं मोजावं असं वाटलं.

"सोळा," तो म्हणाला. मग अंजलीकडं वळून, "सोळा पुरी झाली, सतरावं लागलंय तुला?"

तिनं नुसती मान हलवली आणि एकदम रडायला लागली. एवढा वेळ एक थेंब काढला नव्हता पोरीनं. बन्सीला काय करावं ते कळेना. तो उठला, ताकानं भिजलेल्या धोतरासकट तिच्यापाशी गेला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "अगं, मला कसं कळणार? ताडासारखी उंच तू. मला वाटलं, खरंच मोठी झाली." ट्रकवाले आपापल्या ताटावर निमूट परत गेले. मी मशीन सरळ करायच्या निमित्तानं पाठमोरा झालो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

"माय रडती का तिकडं बघा," याडी म्हणाली. बन्सीची बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. ती रडत नव्हती. थापता थापता म्हणाली, "मी सांगून सांगून थकले. माझं कुणी ऐकलं न्हाई. मशीनचं ऐकलं."

हे मात्र अगदी बरोबर होतं. आईच्या तोंडी साक्षीपेक्षा प्लास्टिकवरचा बाण खरा ठरला, याचं मला आजही थोडं वाईट वाटतं. माझा रुबाब त्या दिवशी मिरवायची इच्छाच झाली नाही.

अंजलीनं डोळे पुसले. "अन् नर्सिंगचं, बापू?"

"थांब. आधी फोन करू दे."

त्यानं खिशातून फोन काढला. गल्ल्यापाशी गेला नाही, बाहेर गेला नाही, तिथंच आम्हा सगळ्यांमधे उभा राहिला आणि वाशिमला लावला.

"रामराम पाव्हणं. हां, सगळी बरी हायेत. रविवारचं ठेवू नका. न्हाई, न्हाई, तुमच्यात काही खोट न्हाई, माणसं चांगली हायेत तुमी. पोरगी शिकायला चालली आमची. ... अन् लहान हाये अजून."

तिकडून काहीतरी विचारलं. बहुतेक दाखल्याचं. बन्सीनं अंजलीकडं पाहिलं, वरपासून खालपर्यंत, तिची सगळी उंची.

"व्हय," तो म्हणाला. "कागदावर मोठी हाये. घरात लहान हाये."